खोली कितव्या मजल्यावर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडला जाऊन आलेला माणूस बहुधा लंडनबद्दल बोलतो. मी आज बोलणार आहे ते तिथल्या खेड्यांतल्या हॉटेलांविषयी. खरं म्हणजे दोन हॉटेलांतल्या दोन खोल्यांविषयी. पहिली खोली निवडताना मी चुकले आणि दुसरी निवडताना थोडी शहाणी झाले. मधे दोन वर्षं गेली.

आमचा मुलगा लंडनजवळ रेडिंगला असतो. २०१६ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. आमचे हे साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना सालबाईचा तह शिकवला. मराठे आणि इंग्रज यांच्यात १७८२ मध्ये झालेला तह. त्या वेळी कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल होता वॉरन हेस्टिंग्ज. तो डेल्सफर्ड नावाच्या लहानशा खेड्यात पुरलेला आहे, आणि ते खेडं रेडिंगहून आगगाडीनं साधारण तासाभराच्या अंतरावर, कॉट्सवोल्ड्स भागात आहे, हे ह्यांनी नकाशा धुंडाळून काढलं होतं. "लंडन राहिलं तरी चालेल, पण तिथं जायचंय," एवढंच त्यांचं मागणं. मुलगा म्हणाला, "आई, तीन रात्री राहून या. हॉटेल तू निवड."

मी काय केलं, तर फोटो पाहिले. कॉट्सवोल्ड्स म्हणजे मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरं, दगडी कौलं, लोकरीच्या व्यापारावर मध्ययुगात श्रीमंत झालेली गावं. तिथली हॉटेलं अशी देखणी, की आपलं बोट फोटोवरून पुढे सरकत नाही. मला एक जुनी सराई आवडली. काळ्या पडलेल्या लाकडी तुळया, पेटलेली शेकोटी, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. वर्णनात लिहिलं होतं, 'फुल ऑफ कॅरॅक्टर'. मी पैसे भरून मोकळी झाले.

तिथं पोचल्यावर कळलं, की आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, छपराखाली आहे. लिफ्ट नाही. जिना लाकडी, वळणाचा, आणि आपल्या जुन्या वाड्यातल्या जिन्यासारखा उभा. एकोणतीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण ह्यांचा उजवा गुडघा तेव्हा नुकताच कुरकुरायला लागला होता. वर गेल्यावर पहिल्यांदा डोकं तुळईवर आपटलं. ती फोटोतली तुळई! शनिवार होता. खाली बार, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत हसण्याखिदळण्याचा आवाज जमिनीतून वर येत राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. बस नाही. टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते, हे ठाऊक नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारचं मोठं जेवण झालं की तिथं बऱ्याच ठिकाणी रात्री चूल पेटत नाही. आम्ही खोलीत बसून बरोबर आणलेला चिवडा खाल्ला. सोमवारी रात्री मी म्हटलं, "चला, आज खाली गरम जेवू." हे म्हणाले, "तू जा, मला भूक नाही." मी एकटी खाली गेले, सूप मागवलं, आणि पहिल्या चमच्यालाच उमगलं, की ह्यांना भूक होती. पुन्हा एकोणतीस पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या नव्हत्या. आयुष्यभर वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस. गुडघा दुखतोय हे बायकोला सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही रेडिंगला परतलो. हेस्टिंग्ज राहून गेला.

मला राग आला होता तो हॉटेलचा. पण विचार केला, तेव्हा लक्षात आलं, की त्यांनी फसवलं नव्हतं. मी ज्याला 'कॅरॅक्टर' समजून पैसे भरले होते, त्यातच तो जिना होता. पायऱ्या किती, हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मग पुढच्या दोन वर्षांत मी या हॉटेलांबद्दल मिळेल ते वाचलं. ते थोडक्यात सांगते, कारण त्यामुळे निवड सोपी होते.

इंग्लंडमध्ये जुन्या महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी असते. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून ती पद्धत पक्की झाली. यादीत तीन श्रेणी आहेत, पहिली, दुसरी तारांकित आणि दुसरी. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती साध्या दुसऱ्या श्रेणीत आहेत, पण त्यांनाही संरक्षण आहेच. इमारतीच्या स्वरूपाला धक्का लागेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मालकाच्या मनात असलं, तरी चारशे वर्षांच्या जिन्याच्या जागी लिफ्ट बसवणं म्हणूनच अवघड असतं. जमीन कलती, दारं ठेंगणी, खिडक्या एकेरी काचेच्या, हे सगळं तसंच ठेवलेलं असतं. तेच पाहायला आपण जातो.

या हॉटेलांचे मुख्य प्रकार दोन. पहिला म्हणजे जुन्या सराया. घोडागाड्यांच्या काळात त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. १७८४ मध्ये टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्यावर त्यांची भरभराट झाली, आणि पुढच्या शतकात रेल्वे आल्यावर कित्येक ओस पडल्या. घोडागाडी आत घेण्यासाठी ठेवलेली उंच कमान आजही दिसते. सस्सेक्समधल्या राय गावची 'मरमेड इन' १४२० मध्ये पुन्हा बांधलेली आहे आणि तिची तळघरं त्याहून जुनी. अठराव्या शतकात चोरटा माल आणणाऱ्या टोळ्यांचा तिथं अड्डा असे. ब्रॉडवे गावातल्या 'लिगन आर्म्स'मध्ये पहिला चार्ल्स राजा आणि त्याचा वैरी क्रॉमवेल दोघंही राहून गेले, असं परंपरेनं सांगतात. १९०४ मध्ये रसेल कुटुंबानं ती घेतली. तिथल्या जुन्या लाकडी सामानाची डागडुजी करता करता त्या घरातला मुलगा गॉर्डन रसेल इंग्लंडातला नामांकित फर्निचर रचनाकार झाला. गावात त्याच्या कामाचं संग्रहालय आहे. सराईचा फायदा असा, की ती गावात असते. दार उघडलं की दुकान, चर्च, बस थांबा. तोटा असा, की रस्ता आणि बार दोन्ही उशाशी येतात.

दुसरा प्रकार जमीनदारांच्या हवेल्यांचा. १८९४ मध्ये वारसा इस्टेटीवर जबर कर आला, पुढे दोन महायुद्धं झाली, नोकरचाकर मिळेनात. विसाव्या शतकात अशा शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. इतक्या, की १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं या विध्वंसावर प्रदर्शनच भरवलं. काही हवेल्या वाचल्या त्या हॉटेल होऊन. लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर तळ्याकाठी फ्रान्सिस कोल्सन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 'शॅरो बे' सुरू केलं. या पद्धतीच्या हॉटेलांत ते आद्य मानलं जातं. २०२० मध्ये ते बंद पडलं. बकिंगहॅमशरमधल्या 'हार्टवेल हाउस'मध्ये फ्रान्सचा परागंदा राजा अठरावा लुई १८०९ पासून पाच वर्षं राहिला होता. आता ते हॉटेल नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं आहे. हवेलीत बाग मिळते, शांतता मिळते, दुपारचा चहा थाटात मिळतो. पण गाव लांब असतं आणि गाडी नसेल तर माणूस त्या बागेत अडकतो. दरही चढे.

याशिवाय वर चार-सहा खोल्या असलेले पब आहेत, शेतकऱ्यांच्या घरातली न्याहारीसह राहण्याची सोय आहे. ज्याला रोज दहा मैल चालायचंय आणि रात्री नुसतं पडायचंय, त्याला ती उत्तम.

तर मंडळी, २०१८ मध्ये आम्ही पुन्हा रेडिंगला गेलो. ह्यांनी आधीच बजावलं होतं, "१८१८ ला पेशवाई बुडाली आणि त्याच साली ऑगस्टमध्ये हेस्टिंग्ज गेला. यंदा दोनशे वर्षं झाली. या वेळी चुकायचं नाही." या खेपेला मी फोटो बाजूला ठेवले, आधी नकाशा घेतला. डेल्सफर्डला जवळचं स्टेशन किंगहॅम. त्या परिसरातल्या पाच हॉटेलांची नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकाला फोन केला. माझं इंग्रजी बँकेतल्या नोकरीतलं, कामापुरतं. पण प्रश्न ठरलेले होते.

पहिला, खोली कितव्या मजल्यावर, पायऱ्या किती, आणि कठडा आहे का? दुसरा, खोलीच्या खाली आणि शेजारी काय आहे? बार, स्वयंपाकघर, की रस्ता? तिसरा, जेवण कोणत्या दिवशी बंद असतं, आणि शाकाहारी माणसाला सलग तीन रात्री काय खायला मिळेल? चौथा, गाडी नसेल तर स्टेशनवरून यायचं कसं? पाचवा, आंघोळीला टबच आहे, की पाय न उचलता आत जाता येईल असा शॉवर आहे? जुन्या टबाची कड गुडघ्याच्या वर येते, हे मी पहिल्या खेपेला शिकले होते. आणि शेवटचा प्रश्न, तुमच्या खोलीबद्दल पाहुणे तक्रार करतात ती कोणती?

या शेवटच्या प्रश्नानं माझं काम केलं. तीन हॉटेलांनी सांगितलं, आमच्याकडे तक्रार येत नाही. एकानं उत्तर टाळलं. पाचव्या ठिकाणी फोनवर एक बाई होत्या. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "लिहून घ्या. चर्चचं घड्याळ रात्रभर दर पाव तासाला वाजतं. गरम पाणी यायला वेळ लागतो. आणि जमीन इतकी उतरती आहे, की हातातून गोळी पडली तर ती कपाटाखाली जाते." मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही पायऱ्यांचं विचारलंत, कुणाला त्रास आहे का?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मुख्य इमारतीत नको. अंगणापलीकडे जुनी पागा आहे, तिथं तळमजल्यावर खोली देते. फोटोत ती तितकी छान दिसत नाही, म्हणून लोक घेत नाहीत. भाडंही कमी आहे."

मी तिथल्या तिथे होकार दिला. शनिवारी दर जास्त आणि बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींची सक्ती असते, म्हणून मंगळवार ते शुक्रवार घेतलं. घरी सांगितलं तेव्हा हे खूष. म्हणाले, "पेशव्यांच्या पागा आम्ही फळ्यावर शिकवल्या. आता इंग्रजाच्या पागेत मुक्काम!"

खोलीच्या भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून होत्या. ह्यांनी त्यातल्या एकीला काठी अडकवली. हो, आता ते काठी वापरत होते आणि मला ते लपवत नव्हते. दोन्ही वेळचं जेवण त्यांनी सगळ्यांबरोबर बसून घेतलं. वाढणाऱ्या मुलाला चार्ल्स आणि क्रॉमवेलच्या गोष्टी विचारून बेजार केलं.

बुधवारी टॅक्सी सांगून डेल्सफर्डला गेलो. शेतातून पायवाट होती, पण कुंपणं ओलांडायच्या लाकडी पायऱ्या लागतात हे विचारून ठेवलं होतं, म्हणून तो मोह टाळला. हेस्टिंग्जनं जी वडिलोपार्जित जागा परत विकत घेऊन हवेली बांधली, ती खासगी आहे, पाहता येत नाही. चर्चचं आवार मात्र शांत आणि उघडं. तिथं एका दगडी कलशावर त्याचं नाव आणि साल. मला वाटलं, हे काहीतरी मोठं बोलतील. ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मुलांचा नेहमी घोटाळा व्हायचा. १८१८ चा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज वेगळा, हा वेगळा. पेपरात दरवर्षी चूक." मग थोड्या वेळानं म्हणाले, "ह्याच्या हवेलीत आपल्याकडचा पैसा आहे, आणि कबर बघ केवढीशी." बस, तेवढंच. पण ते परत फिरले तेव्हा काठी हातात नुसती धरलेली होती.

म्हणून सांगते, असं हॉटेल निवडताना आधी आपल्याबरोबर कोण येतंय ते पाहावं. कुणाला झोप कमी, कुणाला गुडघा, कुणाला दहाच्या आत जेवण लागतं. जुन्या घराच्या अडचणी जायच्या नाहीत. त्यांतल्या आपल्याला चालतील कोणत्या, हे फोन करून ठरवावं. आणि जो आपलं वैगुण्य आपणहून सांगतो, त्याच्याकडे खुशाल उतरावं.

त्या रात्री ह्यांची रक्तदाबाची गोळी हातातून पडली. आम्ही दोघं बघत राहिलो. ती घरंगळत घरंगळत गेली ती थेट कपाटाखाली.