लेकीच्या हाताला धरून

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘परदेशी मुलांकडची भेट’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. आपल्यापैकी कित्येकींची मुले आज परदेशी आहेत. तिकडचे रस्ते आणि दुकाने यांचे वर्णन करून मी आपला वेळ घेणार नाही. मी एकाच शनिवार-रविवारची हकीकत सांगणार आहे, आणि त्या ओघात माझी एक जुनी चूकही कबूल करणार आहे.

माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ राहते. नोकरी, घर आणि दोन मुले सांभाळून ती ‘गर्ल स्काउट्स’ या संस्थेत स्वयंसेविका म्हणून काम करते. ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १९१२ साली ही संस्था सुरू केली. आपल्या शाळांतून ‘गाइड’च्या मुली असतात, त्यांचीच ही बहीण म्हणा ना! मुलींची पथके चालवणाऱ्या बाया पगारी नसतात. बहुधा त्या पथकातल्याच कुणाच्या तरी आया असतात.

मी तिकडे असताना तिच्या पथकाचा सहकुटुंब मुक्काम ठरला. शहराच्या उत्तरेस सॅम्युएल टेलर उद्यान म्हणून एक वनराई आहे, तिथे शनिवारी दुपारी आम्ही पोहोचलो. दहा-अकरा वर्षांच्या पोरी, पण तंबू त्यांनीच उभारले. मी बसायला जागा शोधत होते, तोच एकीने माझ्या हातात दोरी दिली आणि म्हणाली, “आजी, घट्ट धरा.” उरलेले अन्न लोखंडी पेटीत कडी लावून ठेवायचे, कारण रॅकून नावाचा मांजराएवढा प्राणी रात्री येऊन पंज्यांनी झाकणे उघडतो!

अंधार पडल्यावर दोन मुली दिवा घेऊन नळावर निघाल्या. मी लगबगीने उठले. मुलगी म्हणाली, “आई, बस. त्या दोघी आहेत. गळ्यात शिटी आहे.” मी बसले खरी, पण त्या परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग हळूहळू माझ्या लक्षात आले की, या बाया बेफिकीर नाहीत, उलट फार काटेकोर आहेत. मुलीने कधीही एकटीने जायचे नाही, जोडीनेच जायचे. वाट चुकली तर धावत सुटायचे नाही, एका झाडापाशी थांबून तीनदा शिटी वाजवायची. निघताना, थांबताना आणि पोहोचल्यावर मुली मोजायच्या. प्रथमोपचार शिकलेली एक बाई बरोबर हवीच, आणि आईबापांची लेखी संमतीही हवी. भीती त्यांनाही आहे. फक्त भीतीपोटी त्यांनी दार लावून घेतले नाही, नियम केले.

रात्री तंबूत मला झोप येईना. माझी हीच मुलगी नववीत असताना शाळेतल्या मैत्रिणी दोन दिवसांसाठी राजमाचीला निघाल्या होत्या. मी तिला जाऊ दिले नाही. “मुलीची जात, रात्र बाहेर काढायची नाही,” एवढेच मी म्हटले होते. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ गेला, त्याला मात्र मी लाडू बांधून दिले. अंधारात मी तिला हळूच विचारले, “तुला आठवते का ग ते?” ती म्हणाली, “आठवते. मी पिशवी भरून ठेवली होती.” याहून अधिक ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही म्यूर वूड्स या अरण्यात गेलो. तिथले रेडवूड वृक्ष अडीचशे फुटांपर्यंत उंच आहेत आणि त्यांतले कित्येक शिवकालाच्याही आधीचे आहेत. हे अरण्य वाचवण्यासाठी १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका महिला मंडळाने, ‘कॅलिफोर्निया क्लब’ने, मोहीम काढली होती. पुढच्या वर्षी केंट पतिपत्नींनी ती जागा विकत घेतली. मग एका पाणी कंपनीला तिथे धरण बांधायचे होते. तेव्हा केंट दांपत्याने ते रान सरकारलाच दान केले आणि १९०८ साली ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. चढणीच्या वाटेवर माझा पाय घसरला, तेव्हा मुलीने पटकन हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

त्या वाटेवर एका मुलीने मला विचारले, “आजी, तुमच्या घरामागे काय आहे?” मी मोठ्या ऐटीत सांगितले की, मोठे जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, शंभरांहून अधिक लेणी आहेत. ती म्हणाली, “मग तुम्ही दर रविवारी जात असाल!” भगिनींनो, बोरिवलीत चाळीस वर्षे राहून मी कान्हेरीला दोनदा गेले होते, तेही गावाहून पाहुणे आले म्हणून.

परत आल्यावर, गेल्या हिवाळ्यात, आपल्या अभ्यासवर्गातल्या सोळा मुलींना घेऊन आम्ही चौघीजणी कान्हेरीला गेलो. तेच नियम आम्ही पाळले. त्यांना एकाची भर घातली: बिबट्याचे रान आहे, तेव्हा दिवसाउजेडीच फिरायचे आणि लहानग्यांना मधे ठेवायचे. एका मुलीची आई दारातच अडून बसली. “मुलीची जात, काही झाले तर?” ते माझेच शब्द होते! मी म्हटले, “बाई, तुम्हीही चला.” आणि ती पदर खोचून आली.

तिसऱ्या लेण्यातील उंच बुद्धमूर्तींपुढे पोरी गप्प उभ्या राहिल्या. पण जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, ते त्यांना अधिक आवडले. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. लेणी व टाकी दान करणाऱ्यांत भिक्षुणी आहेत, तशाच तुमच्या-माझ्यासारख्या गृहिणीही आहेत, हे मी सांगितले, तेव्हा ती आई म्हणाली, “म्हणजे बायका तेव्हाही इथवर येत होत्या!” तिकडे धरणाने अरण्य बुडणार होते, आपल्याकडे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांचे पाणी शुद्ध राहावे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. इतके जवळ असूनही ते आपल्या मुलींनी का पाहू नये?

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. महिन्यातला एक रविवार मुलींच्या सहलीसाठी ठेवावा. आपल्यातील दोघींनी प्रथमोपचार शिकून घ्यावा. दाराशी वही ठेवली आहे, तीत नावे लिहावीत. पहिले नाव मी लिहिले आहे.

आपल्या मुली उद्या कुठे जातील हे आपल्या हाती नाही. पण त्यांनी भरलेली पिशवी पुन्हा रिकामी करायला लावू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. माझ्या हातून ते झाले नाही, म्हणून हे सांगितले.