उपासकाची साधना आणि धम्माचे नेतृत्व
(वर्षावास समाप्तीनिमित्त नागपूर येथील विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्म ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे की संघटनेची, असा प्रश्न मंडळाने मला बोलण्यासाठी दिला आहे. हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या वस्त्यांत दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, मी घरी त्रिशरण-पंचशील घेतो, वर्षातून एकदा इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसतो, मला तुमच्या मंडळाच्या भानगडीत पडायचे नाही. दुसऱ्याजवळ लेटरहेड आहे, शिक्का आहे, जयंतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक आहे. पण पाचवे शील कोणते असे विचारले की तो शेजाऱ्याकडे पाहतो. दोघेही बाबासाहेबांचेच नाव घेतात. म्हणून बाबासाहेबांनी या नागपुरात काय केले, तेच आधी पाहू.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आणि माईसाहेबांनी कुशीनाराचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. म्हणजे भिक्खुसंघाचा मान त्यांनी राखला. परंतु त्यानंतर जमलेल्या लाखो लोकांना दीक्षा कोणी दिली? स्वतः बाबासाहेबांनी. अंगावर चीवर नसलेल्या एका गृहस्थाने त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. बौद्ध देशांतील परंपरेला हे नवे होते. त्यामागचे कारण त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडते. संघात प्रवेश करणाऱ्या भिक्खूसाठी विधी होता, पण गृहस्थाला धम्मात घेण्याचा वेगळा विधी नव्हता. त्यामुळे उपासक आज इकडे तर उद्या तिकडे, कधी एकाच वेळी दोन्हीकडे, असा राहिला. भारतातून धम्म लोप पावण्याच्या कारणांत त्यांनी हेही एक कारण धरले. तेव्हा जो म्हणतो की धम्म माझ्या मनात आहे, जाहीर बांधिलकी कशाला, त्याला १४ ऑक्टोबरचा अर्थ कळलेला नाही, असे मला स्पष्ट म्हणावे लागते.

आता दुसरी बाजू. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूविषयी एक प्रश्न टाकला आहे. बुद्धाने भिक्खू कशासाठी निर्माण केला, परिपूर्ण माणूस घडवावा म्हणून की लोकांची सेवा करणारा, वाट दाखवणारा मित्र घडवावा म्हणून? केवळ स्वतःच्या पूर्णतेत गुंतलेला भिक्खू त्यांना धम्माच्या प्रसारासाठी निरुपयोगी वाटत होता. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहितानाही त्यांनी संघाची हीच झाडाझडती घेतली होती. ही कसोटी चीवरधाऱ्यालाच लागते असे नाही. ध्यान करून मन शांत झाले, आणि शेजारच्या घरातील पोर शाळा सोडून कामाला लागले तरी ती शांती ढळली नाही, तर ती कोणाच्या उपयोगाची? ध्यानाला माझा विरोध नाही. मन न आवरलेला कार्यकर्ता काय करतो, हे तर आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतोच.

नेतृत्वाविषयी खुद्द तथागतांचे वर्तन पाहा. त्यांच्या उतारवयात देवदत्ताने सुचवले की आता आपण विश्रांती घ्यावी आणि संघ माझ्या हाती सोपवावा. तथागतांनी नकार दिला. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याकडेही मी संघ सोपवणार नाही, असे सांगितले. शेवटच्या आजारपणात आनंदालाही त्यांनी वारस सांगितला नाही. आपल्या पश्चात धम्म आणि विनय हेच शास्ता, एवढेच सांगितले. गादी नाही, मठाधिपती नाही. मग संघ चालला कसा? ठराव मांडून, गणपूर्ती पाहून, शलाका वाटून मते घेऊन. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी याच कार्यपद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला होता, आणि त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेपासून सावध राहण्यास सांगितले होते.

आमच्या विहारांत किती मंडळांच्या सभेला गणपूर्ती असते? दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी याच शहरात लोकांना मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले. लोक आजही देतात. धुणीभांडी करणारी बाईसुद्धा दानपेटीत टाकते. तिने हिशेब मागितला तर तिला गप्प बसवले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. विहाराचे नाव घेत नाही. आणखी एक. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने ग्रंथवाचन कोण करते? उपासिका. वंदना कोण घेते, झाडलोट कोण करते? उपासिका. कार्यकारिणीची यादी काढली की मात्र सगळी नावे पुरुषांची! साधना त्यांनी करावी आणि नेतृत्व आम्ही करावे, ही वाटणी धम्मात कुठून आली?

आज सायंकाळी मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. माझी सूचना अशी की वर्षाचा जमाखर्च फळ्यावर लिहावा, वाचन करणाऱ्या उपासिकांना कार्यकारिणीत निम्म्या जागा द्याव्यात आणि पदाधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षावासात निदान एकेक प्रकरण स्वतः वाचावे. विपश्यनेला जाणाऱ्या बांधवांनीही थांबावे, मत द्यावे, मगच घरी जावे. सूचना कोणाला पटत नसेल तर त्याने सभेत उठून तसे सांगावे.

जयभीम. नमो बुद्धाय.