आईची गोळी आधी मी बंद केली, मग तिनं स्वतः केली

हा भाग ऐकण्याऐवजी जे वाचताहेत त्यांच्यासाठी: बोललो तसंच उतरवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

मी कोहमाऱ्यातून बोलतोय. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हायवेला गोंदियाचा रस्ता जिथे येऊन मिळतो, तिथलं आमचं गाव. मध्येच ट्रकचा आवाज आला तर समजून घ्या, तो माझ्याच्यानं एडिट होत नाही. एरवी आपण इथे नोकरी, कोडिंग, घरून काम अशा विषयांवर बोलतो. आज मी आईबद्दल बोलणार आहे, तिला विचारून. ती म्हणाली, "माझं नाव नको घेऊ, बाकी सांग. कोणाच्या तरी कामी पडन."

विषय आहे रजोनिवृत्ती, म्हणजे पाळी कायमची जाणं, आणि त्यासाठी घेतलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या बंद करणं. तुम्ही म्हणाल, हा अठ्ठावीस वर्षांचा बीटेक झालेला मुलगा यावर कशाला बोलतोय? कारण सरळ आहे. आईच्या गोळ्या पहिल्यांदा बंद करायला लावल्या त्या मीच. आणि माझं चुकलं होतं.

आधीपासून सांगतो. २०१५ साली, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना, आईचं ऑपरेशन झालं. तिचं वय तेव्हा ३८. गर्भाशयात गाठी होत्या, अंगावरून फार जायचं. घरात, शेजारी, नातेवाइकांत सगळे एवढंच म्हणायचे: "पिशवी काढली." त्यानंतर डॉक्टरांनी तिला रोज एक गोळी लिहून दिली. सकाळच्या चहानंतर बिस्किटाच्या डब्यातून काढून ती घ्यायची. कशाची गोळी? आम्हाला वाटायचं, अशक्तपणाची. मी कधी विचारलं नाही, बाबांनीही नाही.

मग आलं २०२१. लॉकडाऊनमुळे मी गावी येऊन समोरच्या खोलीत ऑफिस मांडलं होतं. एकदा बाबांच्या बीपीच्या गोळ्या ऑनलाइन मागवताना आईचीही स्ट्रिप हातात आली. नाव टाकून सर्च केलं. इस्ट्रोजेन. पुढच्या पाच मिनिटांत मी २००२ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासापर्यंत पोचलो. हॉर्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर वाढतो, म्हणून अभ्यास अर्ध्यात थांबवला, अशी बातमी. मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "आई, ही गोळी आजपासून बंद."

ती म्हणाली, "डॉक्टरले विचारू का एकदा?"

मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? सगळं इथे लिहिलंय."

घरातला शिकलेला मी. तिनं ऐकलं.

दोन-तीन आठवड्यांत सुरू झालं. रोवणीचे दिवस होते, हवेत दमटपणा, त्यामुळे घाम येतोय यात कुणाला नवल वाटलं नाही. पण हा घाम वेगळा होता. छातीतून गरम लाट उठायची, मान, चेहरा लाल व्हायचा, केस ओले, आणि पाच मिनिटांनी तिलाच थंडी वाजायची. रात्री चार-पाचदा उठायची. माझे कॉल रात्री उशिरापर्यंत चालायचे. दोन वाजता पाणी प्यायला बाहेर आलो की ती अंगणात मोरीपाशी पायांवर पाणी ओतत बसलेली दिसायची. "काय झालं?" "काही नाही रे, आंग जळते." आणि मी परत लॅपटॉपवर.

सांधे दुखायला लागले. बारीकसारीक गोष्टीवरून बाबांवर ओरडायची, मग रडायची. छातीत धडधड व्हायची. आम्ही घाबरलो, गोंदियाला नेऊन ईसीजी काढला. नॉर्मल. चार महिने हे चाललं, आणि त्या चार महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही की आपण बंद केलेल्या गोळीचा याच्याशी काही संबंध असेल. कोड बिघडला तर मी पहिला प्रश्न विचारतो, शेवटचा बदल काय केला होता? इथे तो प्रश्न विचारला मावशीनं. आठवी शिकलेली आहे ती. म्हणाली, "थे रोजची गोळी कायले बंद केली?"

मग आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. सहा वर्षं कपाटात साडीखाली पडलेलं. त्यावर लिहिलं होतं: टीएएच, बीएसओ. टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या आणि दोन्ही अंडाशयंही काढणं. आम्ही सहा वर्षं "पिशवी काढली" म्हणत होतो, आणि काढलं होतं त्याहून बरंच जास्त.

हा फरक नीट समजून घ्या. फक्त गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं इस्ट्रोजेन तयार करत राहतात; फार तर ती थोडी लवकर थकतात. दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. जी गोष्ट शरीर एरवी काही वर्षं घेऊन हळूहळू करतं, ती ऑपरेशन टेबलावर होते. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. आईची ३८ व्या वर्षी गेली. मधली आठ-नऊ वर्षं इस्ट्रोजेनशिवाय काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून तिला गोळी होती. तिच्या शरीरानं जे स्वतः तयार केलं असतं, ते भरून काढायला.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यातल्या किती जणींना सांगितलं गेलं असेल, की अंडाशयं ठेवली की काढली?

आता तो २००२ चा अभ्यास. डॉक्टर बाईंनी मला तीन प्रश्न विचारले, आणि तिन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिला, त्यातल्या बायकांचं वय काय होतं? ५० ते ७९. सरासरी ६३. माझी आई ४४ ची.

दुसरा, औषध कोणतं होतं? जो भाग जुलै २००२ मध्ये थांबवला, त्यात १६,६०८ बायका होत्या आणि इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिन नावाचं दुसरं हॉर्मोन होतं. गर्भाशय असेल तर हे दुसरं लागतंच, कारण नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. पण आईला गर्भाशयच नाही, तिची गोळी नुसत्या इस्ट्रोजेनची. तशा बायकांचा वेगळा गट त्याच अभ्यासात होता, १०,७३९ जणींचा. तो २००४ मध्ये थांबवला, पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. स्तनाचा कॅन्सर त्या गटात वाढला नव्हता.

तिसरा, वाढला म्हणजे किती? पहिल्या गटात दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३८. म्हणजे आठ जास्त. हा आकडा शून्य नाही, दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. पण मी बातमी वाचून जे चित्र डोक्यात तयार केलं होतं, ते हे नव्हतं.

चूक अभ्यासाची नव्हती. तो वेगळ्या बायकांबद्दल होता आणि मी तो माझ्या आईवर चिकटवला. गाडीत परत येताना मी म्हणालो, "आई, माझ्यामुळे झालं." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू त् कॅन्सरले भेला होतास." पुढे काही नाही. गोरेगाव येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प.

गोळी परत सुरू झाली. काही आठवड्यांत ती रात्रीची झोपायला लागली.

आता दुसरी वेळ. २०२४ च्या पावसाळ्यात आईचा बीपी वाढलेला निघाला. ती आता ४७ ची. एक दिवस तीच म्हणाली, "आता बंद कराची हाये मले. पण मागच्यावानी नाही." यावेळी मी फक्त गाडी चालवली. डॉक्टरांशी ती बोलली. तपासणी झाली, आणि ठरलं की दिवाळीनंतर, थंडीत सुरू करायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा असला प्रयोग नको. नोव्हेंबरपासून निम्मा डोस, जानेवारीपासून एक दिवसाआड, फेब्रुवारीअखेर बंद. हे आईचं वेळापत्रक आहे, कृपा करून तुमच्या घरी कॉपी-पेस्ट करू नका.

एक प्रामाणिकपणे सांगतो. हळूहळू बंद केलं की त्रास परत येतच नाही, असं नाही. गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या बायकांना लाटा परत येतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हळू कमी केल्यानं सुरुवातीचा त्रास कमी होऊ शकतो, लांबच्या हिशेबात मात्र हळू की एकदम यानं फरक पडत नाही. आईलाही मार्चमध्ये लाटा आल्या. दिवसाला सहा-सात. फरक एवढाच की यावेळी ती घाबरली नाही. काय होतंय, कशामुळे होतंय हे तिला माहीत होतं. आपल्या मेंदूत तापमान सांभाळणारी जागा असते. इस्ट्रोजेन कमी झालं की ती जरा जास्तच चटकन पेटते, थोडी उष्णता वाढली तरी शरीराला वाटतं फार तापलं, काढा घाम. आई याला म्हणते, "कूलरचं बटन बिघडलं."

काय उपयोगी पडलं ते सांगतो. कॅलेंडरवर ती प्रत्येक लाटेची रेघ मारायची. पंधरा दिवसांत दिसलं की संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं तिखट जेवण झालं की रेघा वाढतात. दोन्ही कमी केले. जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ सुती चादरी, म्हणजे एक काढता येते. झोपण्याची जागा कूलरसमोर, हे बाबांनी न सांगता केलं. रोज सकाळी चालणं, कारण इस्ट्रोजेन थांबल्यावर हाडांची झीज वेगानं होते. दूध, दही, तीळ जेवणात आणि सकाळचं ऊन. जवसाची चटणी आमच्याकडे असतेच, तिनं लाटा कमी होतात असं खूप जण सांगतात. अमेरिकेत जवसाची वडी देऊन चाचणी झाली, त्यात नुसत्या दाखवायच्या वडीपेक्षा फरक दिसला नाही. चटणी खा, चवीसाठी.

एवढ्यानं भागलं नाही तर बिनहॉर्मोनची औषधंही आहेत, काही नैराश्यावरची असतात पण लाटांवरही चालतात. लाटांचा जाच कमी करायला समुपदेशनाच्या पद्धतीही आहेत. डॉक्टरांना विचारायचं. आणि त्रास असह्य असेल तर गोळी परत सुरू करणं हा पराभव नाही, तोही एक पर्याय आहे.

एक गोष्ट आईनं मला सांगितली नाही, मावशीला सांगितली, आणि या भागात घालायला मावशीनंच सांगितलं. योनीमार्गाचा कोरडेपणा, जळजळ, सारखी लघवीला लागणं. लाटा काही वर्षांत बहुतेकींच्या कमी होतात, हे मात्र आपोआप जात नाही, वाढतं. यासाठी फक्त त्या जागी लावायचं मलम असतं, अंगात फारच थोडं जातं. बायका हे सांगत नाहीत. तुम्ही मुलगा असाल तर तुम्हाला तर नाहीच सांगणार. म्हणून आईला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा.

आणि धडधड, छातीत दुखणं, हे प्रत्येक वेळी "पाळी गेल्याचं" समजून सोडू नका, एकदा तपासून घ्या. गर्भाशय असलेल्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेलं, तर लगेच दाखवा.

आता धान कापणी सुरू आहे. आईच्या कॅलेंडरवर काही दिवशी एक रेघ, काही दिवशी शून्य. बीपी आटोक्यात आहे. दोन वेळा तीच गोळी बंद झाली. पहिल्या वेळी मी ठरवलं होतं, दुसऱ्या वेळी तिनं. लाटा दोन्ही वेळा आल्या, पण दुसऱ्या वेळी रात्री दोन वाजता ती मोरीपाशी एकटी बसलेली नव्हती. आम्हाला माहीत होतं, म्हणून कुणीतरी उठायचं.

एक काम सांगतो. तुमच्या घरी कुणाची "पिशवी काढली" असेल तर तिचं डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशयं ठेवली की काढली, ते वाचा. नसेल समजत तर डॉक्टरांना दाखवा. आणि एखादी गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी तिला विचारा, तुला काय वाटतं? मी ते विचारलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.