इमारतीचा संसार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'व्यापारी इमारतींची व्यवस्था' असा छापला आहे. संमेलनाच्या दिवशी, तोही भोजनापूर्वी, इतका रुक्ष विषय कानी पडावा हे आपणांपैकी पुष्कळांना रुचणार नाही याची मला जाणीव आहे. तथापि ज्या सभागृहात आपण बसलो आहोत ते, त्याखालील गाळे आणि त्यांवरील कार्यालयांचा मजला हीच आपल्या मंडळाची मुख्य मिळकत होय. ज्ञातीतील मुलामुलींना दरसाल मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या याच भाड्यातून निघतात. शिवाय उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. गच्चीवर पत्र्याची शेड उभारून ती जागा शिकवणीच्या वर्गासाठी भाड्याने द्यावी, म्हणजे वर्षाला तीन लक्ष साठ हजार रुपयांची भर पडेल, असा तो ठराव आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माझे मत मात्र त्याविरुद्ध आहे. ते का, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

इमारत बांधून झाली की काम संपले, अशी आपल्या समाजात एक समजूत आहे. वास्तुशांत होते, कोनशिलेवर देणगीदारांची नावे कोरली जातात आणि मग ती वास्तू आपल्या नशिबावर सोडली जाते. वस्तुतः इमारतीचा संसार त्या दिवशी सुरू होतो. मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन म्हणून एक वास्तू आहे. पूर्वीचे वॉटसनचे हॉटेल ते हेच. १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे खांब व तुळया आणून ती उभारली गेली. आपल्या देशात चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी तेथेच झाला. हॉटेल बंद पडल्यावर तिच्यात लाकडी आडभिंती घालून लहानलहान कोठड्या झाल्या. न्यायालय जवळ असल्यामुळे वकिलांची कार्यालये थाटली गेली. भाडी गोठलेली राहिली. मालकाने म्हणावे, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू. भाडेकऱ्यांनी म्हणावे, मालक असताना आम्ही का करावी. २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळून मनुष्यहानी झाली, आणि २०१९ पर्यंत ती पाडावी की राखावी हा प्रश्न तज्ज्ञांपुढे व न्यायालयापुढे आला. लोखंड वाईट नव्हते. कारागिरीही वाईट नव्हती. दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे कोठेच ठरलेले नव्हते.

याउलट न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग पाहा. ती १९३१ साली पुरी झाली. २००९ च्या सुमारास तिच्या चालकांपुढे प्रश्न आला की वातानुकूलनाची यंत्रे अपुरी पडू लागली आहेत, नवी मोठी बसवावीत काय? त्यांनी घाई केली नाही. उष्णता आत येते कोठून आणि बाहेर जाते कोठून, हे त्यांनी आधी मोजले. इमारतीच्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढून, पाचव्या मजल्यावरच कारखाना मांडून, दोन काचांमध्ये पातळ पडदा व वायू भरून त्या पुन्हा बसविल्या. जुन्या काचांपैकी बहुतेक सर्व पुन्हा वापरात आल्या. भिंतीलगतच्या तापकांमागे उष्णतारोधक थर घातला, दिवे बदलले. इतके झाल्यावर मोठ्या यंत्रांची गरजच उरली नाही. जुन्यांची दुरुस्ती पुरली. ऊर्जेचा खर्च ३८ टक्क्यांनी खाली आणण्याचे उद्दिष्ट होते, आणि पहिल्या काही वर्षांच्या हिशेबात हमी दिल्यापेक्षा अधिकच बचत झाली. आधी गरज कमी करावयाची आणि मग यंत्र विकत घ्यावयाचे, हा तो क्रम आहे. आपल्याकडे विक्रेता प्रथम येतो आणि हिशेब मागाहून होतो. म्हणून हा क्रम मी मुद्दाम सांगितला.

आता सुरक्षिततेकडे वळू. येथे मी अधिक वेळ घेणार आहे, त्याची क्षमा असावी.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ॲश बिल्डिंगच्या वरच्या तीन मजल्यांवर असलेल्या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागली आणि १४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. त्या इमारतीचे वैशिष्ट्य असे की ती अग्निरोधक म्हणून बांधली होती, आणि खरोखरच ती जळाली नाही. आजही ती उभी असून तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. आपली इमारत सिमेंट-काँक्रीटची आहे, तिला आगीचे भय नाही, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. जळते ते आतले सामान, आणि माणूस बहुधा गुदमरतो तो धुराने.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी हेच घडले. आग खालच्या वाहनतळाशेजारील विजेच्या रोहित्राची. धूर जिन्यातून वर चढला. वरच्या सज्जात जादा खुर्च्या बसविल्यामुळे बाहेर पडण्याची वाट अडलेली होती, आणि ५९ प्रेक्षक प्राणास मुकले. धूर नेहमी वर चढतो. जिना, लिफ्टची विहीर, विजेच्या तारा नेणारी उभी पोकळी ही सारी त्याच्या दृष्टीने धुराडीच होत. म्हणून जिन्याला आपोआप मिटणारे दार असावे, तारांच्या पोकळ्या प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक पदार्थाने बुजविलेल्या असाव्यात, असे शास्त्र सांगते. आपल्या इमारतीत त्या बुजविलेल्या नाहीत. गेल्या पंधरवड्यात विजेऱ्याला बरोबर घेऊन मी प्रत्येक मजला पाहिला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरील पोकळीतून तळमजल्यावरचे बोलणे स्वच्छ ऐकू येत होते. बोलणे वर येते त्या वाटेने धूरही येईल.

आणि आता गच्ची. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेली आग आपल्या स्मरणात असेल. चौदा जण गेले, त्यांतील कित्येक प्रसाधनगृहात आश्रय घेतलेले होते. ती गच्चीवरील उपाहारगृहे होती, आणि त्यांवरील आच्छादन सहज पेट घेणारे होते. त्यानंतर दीडच वर्षाने, २४ मे २०१९ रोजी, सुरतेस तक्षशिला नामक व्यापारी संकुलात आग लागली. तेथे सर्वांत वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग भरत. छप्पर हलक्या, ज्वालाग्राही पदार्थाचे होते. वर जाणारा जिना लाकडी होता, तोच प्रथम गेला. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बावीस जीव गेले. ज्या आईबापांनी शिकवणीची फी भरली होती त्यांत आणि आपल्यात फरक तो काय? ती मुलेही कोणाच्या तरी ज्ञातीची, कोणाच्या तरी शिष्यवृत्तीची आशा होती.

कोणी म्हणतील, आपली शेड पत्र्याची, पत्रा जळत नाही. खरे आहे. परंतु मे महिन्यात पत्र्याखाली मुले बसणार कशी? म्हणून खाली थर्मोकोलचे छत येईल, मग वातानुकूलन यंत्र येईल, मग त्यासाठी गच्चीपर्यंत ओढलेली जादा तार येईल. माझ्या पस्तीस वर्षांच्या व्यवसायात हाच क्रम मी पाहिला आहे. पत्रा पत्राच राहिल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. दुसरे असे की, आग लागली असता खालची वाट बंद झाली तर माणसे गच्चीवर धाव घेतात. ती मोकळी असली पाहिजे. गच्चीला एकच जिना आहे, आणि त्यावर साठ-सत्तर मुले एकदम उतरू लागली तर सभागृहातील पाहुण्यांना तो मिळणार नाही. शिवाय शेड परवानगीवाचून उभी राहिली तर ती अनधिकृत ठरेल, आणि अनधिकृत बांधकामात अपघात घडल्यास विमा कंपनी भरपाई देईलच असे धरून चालणे धाडसाचे होईल.

पहारेकऱ्याविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. उपनगरातील एका कार्यालयी इमारतीत मी काम पाहत असता मागचा जिना रात्रंदिवस साखळीने बंद असे. कारण विचारता उत्तर मिळाले की, चोरी झाली तर आमचा पगार कापतात. त्या बिचाऱ्याचे काय चुकले? चोरीचा जाब त्याला विचारला जात होता, आगीचा कोणी विचारीत नव्हते. आतून दाबताच उघडणारी पण बाहेरून न उघडणारी कडी बाजारात मिळते. ती बसविली आणि साखळी गेली. दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडावा, वाटेत माल नसावा, कार्यालयात कोठूनही सुरक्षित जिना साधारणतः ३० मीटरांच्या आत असावा, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. आपल्या मागच्या जिन्याखाली सध्या मांडवाचे बांबू, गाद्या आणि जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे आहेत.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रमाणपत्र द्यावे लागते. हे कागद पुष्कळ ठिकाणी घरबसल्या तयार होतात, हे उघड गुपित आहे. आपण तसे करू नये. तपासणीच्या दिवशी कार्यवाहांनी स्वतः हजर राहून पंप चालू करावयास लावावा आणि गच्चीवरील नळातून पाण्याची धार निघते की नाही ते डोळ्यांनी पाहावे.

इमारतीच्या देहाविषयी थोडक्यात सांगतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधील सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. गिलाव्याला पडलेली उभी भेग ही त्याची पहिली वर्दी. तिच्यावर रंग मारणे म्हणजे तापावर पावडर लावणे होय. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्यानेच आवश्यक आहे. आपण त्या मर्यादेच्या पुढे गेलो आहोत.

पाण्याच्या टाक्या व शीतक मनोरे यांची स्वच्छता हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. १९७६ च्या जुलैत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन एका नामांकित हॉटेलात भरले होते. तेथून परतलेले प्रतिनिधी न्यूमोनियासारख्या रोगाने आजारी पडू लागले, आणि तिसाच्या आसपास मरण पावले. पुढील वर्षी रोगजंतू सापडला. वातानुकूलनाच्या यंत्रणेतून तो हवेत गेला असावा, असे अनुमान निघाले. तेही आपल्यासारखेच संमेलन होते.

आता, शेड नको तर पैसा कोठून, हा प्रश्न उद्या मला विचारला जाईल, आणि विचारला जाणे योग्यच आहे. सभागृह, कार्यालय, जिने व वाहनतळ मिळून जुन्या पद्धतीच्या शंभर नळ्या धरा. चोकसह प्रत्येकी ५५ वॅट घेणाऱ्या नळीच्या जागी २० वॅटची एलईडी नळी लावली, आणि त्या वर्षाचे ३०० दिवस रोज दहा तास जळल्या असे मानले, तर १०,५०० युनिटे वाचतात. युनिटाला बारा रुपये धरले तर १,२६,००० रुपये झाले. गच्चीचा शंभर चौरस मीटर भाग, जिन्याची वाट सोडून, सौर पट्ट्यांना दिला तर साधारण दहा किलोवॅट बसतात. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरता वर्षाला १४,६००, म्हणजे १,७५,२०० रुपये. दोहोंची बेरीज तीन लक्षांच्या किंचित वर जाते. शेडीच्या भाड्याहून ती सुमारे साठ हजारांनी कमी आहे, हे मी लपवीत नाही. पट्ट्यांचा आरंभीचा खर्चही आहे, आणि तो भरून निघावयास काही वर्षे जातील.

उरलेली तूट कोठे भरून निघेल तेही सांगतो. या सभागृहात वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर ठेवले जाते आणि मग वडीलधारी मंडळी शाली पांघरून बसतात. एका अंशाने तपमान वाढविले तर विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे म्हणणे आहे. त्याच आधारावर जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात. वायुवीजनाच्या पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर त्याची वीज जवळजवळ निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनप्रमाणात लागते. गळका नळ सेकंदाला एक थेंब टाकीत असला तरी दिवसाला वीस लिटरांवर पाणी जाते. आपल्याकडे असे तीन नळ आहेत. पाचशे चौरस मीटरांच्या गच्चीवर मुंबईचा दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लक्ष लिटर पाणी होते. त्यातील आठ लक्ष जरी अडविले तरी पावसाळ्यात शौचालयांसाठी टँकर मागवावा लागणार नाही.

याखेरीज माझी एक मागणी आहे, आणि हिशेबतपासनीसांनी ती मनावर घ्यावी. भाड्याच्या प्रत्येक रुपयातून ठरावीक हिस्सा दुरुस्ती निधीत वेगळा पडावा, आणि तो शिष्यवृत्तीसाठीही मोडता येऊ नये. हे ऐकावयास कठोर वाटेल. पण निधी नसला की दुरुस्ती देणगीवर अवलंबून राहते, आणि देणगी कोनशिलेसाठी मिळते तशी सांडपाण्याच्या नळासाठी मिळत नाही, हा आपल्या सर्वच संस्थांचा अनुभव आहे.

एक नोंदवही मी तयार करून कार्यवाहांच्या स्वाधीन केली आहे. तिच्यात प्रत्येक मजल्याची दारे, जिने, विजेचे फलक, पंप, टाक्या व लिफ्ट यांसाठी पाने आखली आहेत, आणि प्रत्येक पानावर तपासणाऱ्याच्या सहीची जागा आहे. पहिली तपासणी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता जिन्याखालच्या जागेपासून सुरू करू. ज्या तरुण सभासदांना येणे शक्य असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे, कारण बांबू आणि गाद्या आपल्यालाच हलवाव्या लागतील.