दामाशेटी परगावी गेले तेव्हा



मागं उभी असलेली मंडळी पुढं या. माय-माउल्यांनो, लेकरं कडेवर असतील तर असू द्या, रडली तर रडू द्या. आज कीर्तन त्यांच्याचबद्दल आहे.

आजच्या सेवेला नामदेवरायांच्या बालपणातला प्रसंग घेतला आहे. प्रसंग तुम्हाला पाठ आहे, मी नवीन काही सांगत नाही. घर शिंप्याचं. वडील दामाशेटी, आई गोणाई. रोज विठ्ठलाला नैवेद्य न्यायचा हा दामाशेटींचा नेम. एक दिवस त्यांना परगावी जावं लागलं. नैवेद्य कोणी न्यायचा? गोणाईनं ताट लेकराच्या हातात दिलं. नामा गेला, ताट पुढं ठेवलं आणि म्हणाला, देवा, जेव. देव जेवेना. लेकरू रडकुंडीला आलं, डोकं आपटून घ्यायला निघालं, तेव्हा पांडुरंगाला हात पुढं करावा लागला. विठ्ठल विठ्ठल!

आपण टाळ्या वाजवतो देव जेवला म्हणून. पण मला सांगा बरं, देव जेवतो हे नाम्याला कोणी सांगितलं? कोणत्या शाळेत शिकवलं? कोणीच नाही. त्यानं बापाला ताट नेताना रोज पाहिलं होतं. बाप ताट नेतो, बापाचा चेहरा असा असतो की पलीकडं खरोखर कोणी जेवणारा आहे. दामाशेटी दिवसभर घरी बसून नाम्याला उपदेश करत नव्हते. कापड, सुई, बाजार, पोटापाण्याचा धंदा त्यांनाही होता. दिवसातला एक ताट न्यायचा तेवढा वेळ, पण त्या वेळात लबाडी नव्हती. म्हणून बाप परगावी गेला तरी लेकराच्या हातून नेम चुकला नाही.

आता आपल्या गावाकडं या. श्रावण चालू आहे. पाऊस बरा झाला, सप्ताह बसला, मंडप भरला. दसरा-दिवाळी होईल आणि मुकादमाच्या गाड्या वेशीत लागतील. उचल तर काहींनी आताच घेतलीय, खाली बघू नका, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. बघा भाषा कशी आहे! दोन जिवंत माणसं, पण हिशेबात एक कोयता. आणि त्या कोयत्याबरोबर जी दोन-तीन लेकरं ट्रॉलीत बसतात, ती तर कोणत्याच हिशेबात नाहीत.

आपण वारकरी, आपलेही फड असतात. अमक्या महाराजांचा फड, तमक्या महाराजांचा फड. तिकडं उसाचा फड. आपल्या फडावर लेकरू आलं तर त्याच्या हाती टाळ येतो. त्या फडावर गेलं तर कडेवर धाकटं भावंड येतं.

मी ऐकीव सांगत नाही. दोन हंगाम मी फडावर काढले आहेत. आई-बाप पहाटे अंधारात उठून थंडीत ऊस तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कारखान्यावर जाऊन रांगेत उभं राहायचं. कधी रात्री दहाला कोपीवर परत, कधी त्याहून उशिरा. कोपी म्हणजे बांबूची कमान आणि वर पाचट. माझी अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती भाकऱ्या थापायची, पाणी आणायची, धाकट्याला सांभाळायची. वय किती? दहा वर्षं.

शाळेचं काय व्हायचं ते नीट ऐका, कारण हे शहरातल्या लोकांना कळत नाही. लेकरू जूनला शाळेत बसतं. दिवाळीपर्यंत पहिलं सत्र होतं. मग गाडीत बसून निघून जातं. पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतं, तोवर वर्ष संपलेलं. पुढच्या जूनला पुन्हा वरच्या वर्गात. म्हणजे प्रत्येक वर्षाचं पहिलं अर्धं पुस्तक हाताळून मळलेलं आणि दुसरं अर्धं कोरं करकरीत. तिसरीचा उत्तरार्ध नाही, चौथीचा उत्तरार्ध नाही. मग पाचवीत गुरुजी फळ्यावर गणित मांडतात, त्याला खालच्या दोन पायऱ्याच नाहीत. लेकरू गप्प बसतं. गुरुजी म्हणतात, ढ आहे. माझ्याही एका गुरुजींनी म्हटलं होतं. नाव घेत नाही, त्यांच्याही वर्गात चाळीस पोरं होती. पण ढ म्हटलेलं पोर ते आयुष्यभर विसरत नाही, एवढं मात्र सांगतो.

तिसऱ्या वर्षी आजी अडून बसली. म्हणाली, पोराला मी ठेवते. बाप म्हणाला, खाईल काय? आजी म्हणाली, मी खाईन ते. अन् मी गावात राहिलो.

आजीला अक्षर येत नव्हतं. पण संध्याकाळी ती मला मारुतीच्या पारावर हरिपाठाला घेऊन जायची. हरिपाठ मला कानानं पाठ होता, वाचता मात्र धड येत नव्हतं. आमचे वीणेकरी बाबा होते, त्यांनी माझ्या हाती छापील हरिपाठ दिला आणि म्हणाले, म्हणत जा आणि बोट फिरवत जा. तोंडात शब्द आधीच होता, बोटाखाली अक्षर होतं. दोन महिन्यांत दोघांची गाठ पडली. एक दिवस मी दुकानावरची पाटी वाचली, माझा मलाच विश्वास बसेना. तिथून मी वाचतोच आहे. आज ज्ञानोबारायांची पोथी तुमच्यापुढं उघडतो ती त्या बोटाच्या जोरावर.

टाळ्या वाजवू नका. अजून अर्धंच सांगितलंय.

अक्काला कोणी मागं ठेवलं नाही. मुलीची जात, म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर कशी ठेवायची? आणि फडावर धाकट्याला धरणारं कोणीतरी लागतंच. ती चौथ्या हंगामाला गेली, पाचव्या हंगामाला गेली, मग तिचं लग्न झालं. लग्नाचं वय विचारू नका. तिला हरिपाठ माझ्याइतकाच पाठ आहे. वाचता येत नाही. मागच्या आषाढीला वाखरीच्या तळावर तिनं माझ्यापुढं पोथी धरली आणि म्हणाली, तू वाच, मी मागून म्हणते. मी वाचलं. पण मला त्या दिवशी ओळ दिसत नव्हती.

म्हणून सांगतो, गोरोबाकाकांचा प्रसंग मी आता पूर्वीसारखा सांगू शकत नाही. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवत होते, नामात देहभान हरपलं आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं. वर्षानुवर्षं मी हे काकांच्या समाधीची थोरवी म्हणून सांगितलं. थोरवी आहेच, त्यात शंका नाही. पण त्या माउलीकडं कधी पाहिलं का? ती कुठं गेली होती? पाण्याला. चैनीला नाही, पाण्याला. बाप कामावर, आई पाण्याला, आणि लेकरू ठेवायला तिसरी जागा नाही. पुढं पांडुरंगानं पंढरपुरात ते लेकरू परत दिलं. आपल्याला मात्र जागा माणसांनीच करायची आहे.

शहरात काय वेगळं चाललंय? आपल्याच गावची पोरं पुण्याला आहेत. दोघंही नोकरीला, लेकरू पाळणाघरात, नंतर शिकवणीत, रात्री आई-बाप येतात तेव्हा पेंगलेलं. तिथं पोटाला कमी नाही, शाळेची फी लाखात. त्यांच्यासाठी एकच सांगणं आहे आणि ते दामाशेटींचंच. जेवढा वेळ आहे तेवढ्यात हातातला मोबाईल खाली ठेवा. लेकरू तुमच्याकडं बघतं आहे आणि तुम्ही काचेकडं.

काही कीर्तनकार म्हणतात, बाईनं नोकरी सोडावी, घरी बसावं, म्हणजे संस्कार होतात. टाळ्या भरपूर पडतात. मी म्हणणार नाही. शेतकऱ्याची बाई कोणत्या युगात घरी बसली होती? जनाबाई नामदेवांच्या घरी दळत होत्या, कांडत होत्या. त्यांची आई जवळ नव्हती, पण घर होतं आणि त्या घरात नाम होतं. आई कामाला जाते म्हणून लेकरू बिघडत नाही. आई कामाला गेल्यावर त्याला हाक मारणारं कोणी नसेल तर बिघडतं.

आता तुम्हाला थेट विचारतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला शाळा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आई-बाप तोडीला गेले तर लेकरानं गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. शाळेतून यादी जावी लागते, ती वेळेवर गेली पाहिजे. गाड्या लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. सरपंच इथं बसले आहेत, मुख्याध्यापकही माळ घालून बसले आहेत. यादी दसऱ्याच्या आधी करा.

आणि सगळं सरकारवर टाकू नका. आपण सात दिवस पंगती उठवतो. शेवटच्या दिवशी काल्याला पाच गावं जेवतात. ट्रकभर आचारी सामान, बुंदीचे डोंगर. मी विरोध करत नाही, अन्नदान आहे. पण दिवाळीनंतर या गावात आजीजवळ जी पंचवीस-तीस लेकरं मागं राहतील, त्यांची संध्याकाळची भाकरी कोणाच्या चुलीवर? बुंदीचा एक डोंगर कमी करा. तेवढ्यात त्यांचे कितीतरी दिवस निघतील. मारुतीच्या पारावर दिवा आहे, पंखा आहे. सहा वाजता लेकरं जमवा, आधी हरिपाठ, मग पाटी-पुस्तक. शिकलेली एक पोरगी, एक पोरगा गावात मिळणार नाही का? आणि माझ्या माय-माउल्यांनो, पोरींनाही मागं ठेवा. पोरींना आधी ठेवा. आजी एकटी पुरत नसेल तर दोन घरांनी मिळून ठेवा. धाकटं भावंड असेल तर तेही ठेवा, म्हणजे मोठीच्या कडेवरून ते उतरेल.

कार्तिकीला तोडकरी पंढरीला जाऊ शकत नाही, तो फडात असतो. मला एकजण म्हणाला, महाराज, आमची कार्तिकी बुडाली. त्याला म्हटलं, तुझं लेकरू त्या दिवशी वर्गात बसलेलं असेल तर पांडुरंग तुझी हजेरी लावून घेईल. त्याची हमी मी घेतो.

वीणेकऱ्यांच्या शेजारी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी एका लेकराला जागा आहे त्यांनी आरती झाल्यावर नाव लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगा, लिहून घेणारं माणूस आहे. पहिलं नाव माझ्या आईचं लिहिलेलं आहे. ती आता थकली आहे, कोयता केव्हाच सुटला, पण ती म्हणाली, दोन पोरी माझ्याकडं पाठव.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.