यंत्रवेड्यांचा मेळावा



आज मी एका मेळाव्याविषयी बोलणार आहे. मेळावा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जत्रा येते, कुस्त्यांचा फड येतो. मी सांगणार आहे तो मेळावा निराळा आहे. तो आहे यंत्रवेड्यांचा मेळावा.

यंत्रवेडा म्हणजे कोण? असा माणूस बहुतेक गावांत असतो. रेडिओ बिघडला तर तो टाकू देत नाही, उघडून बघतो. कुणाच्या विहिरीवरचा पंप बंद पडला, की बोलावण्याची वाट न पाहता पान्हा घेऊन धावतो. दोन मोडके मोबाईल घेतो आणि त्यांतून एक चालू करतो. घरचे म्हणतात, "ह्याला नाद लागलाय!" काही घरांत असा नाद मुलीला असतो. तो तर कुणाला कळतही नाही.

अशा माणसाचे एक दुःख असते. भजनाची आवड असणारा देवळात जातो. कुस्तीची आवड असणारा तालमीत जातो. यंत्राचा नाद असणाऱ्याने कुठे जावे? तो एकटाच खटपट करतो. अडले की थांबतो. हळूहळू नाद सुटतो. त्यात त्याचे नुकसान, आणि गावाचेही.

मग अशा लोकांना एकत्र कोणी आणायचे? तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ते इंजिनिअरचे काम." मी म्हणतो, ते तुमचे-माझे काम आहे. कसे ते ऐका.

एका चिठ्ठीची गोष्ट

ही गोष्ट अमेरिकेतली, १९७५ सालची. त्या काळी संगणक, म्हणजे कॉम्प्युटर, फार महाग होते. ते सरकारकडे असत, विद्यापीठांत असत, मोठ्या कंपन्यांत असत. साध्या माणसाला घरी संगणक ठेवणे परवडत नसे.

त्या वर्षाच्या आरंभी 'अल्टेअर' नावाचा लहान संगणक विक्रीला आला. किंमत सुमारे चारशे डॉलर. पण तो यायचा सुट्या भागांत. भाग आपण घरी जोडायचे. जोडल्यावरही त्याला ना पडदा, ना अक्षरे टंकायची कळपाटी. पुढे नुसते खटके आणि दिवे. घेणारा विचारात पडे, आता याचे करायचे काय?

कॅलिफोर्निया राज्यातल्या मेनलो पार्क गावात दोन माणसांनी ठरवले की अशा लोकांना एकत्र बोलवावे. एकाचे नाव गॉर्डन फ्रेंच. दुसऱ्याचे फ्रेड मूर. हा फ्रेड मूर इंजिनिअर नव्हता. तो शांततेसाठी झटणारा कार्यकर्ता होता. कॉलेजात लष्करी शिक्षणाची सक्ती होती, म्हणून त्याने १९५९ साली उपोषण केले होते. माणसांची गाठ घालून द्यावी, ज्ञान वाटून घ्यावे, ही त्याची तळमळ.

त्याने काय केले? एक चिठ्ठी लिहिली. तुम्ही घरी संगणक किंवा तसले काही यंत्र बनवता काय? मग या, आपल्यासारख्यांना भेटा, असा तिचा आशय होता. ती चिठ्ठी ठिकठिकाणी लावली.

सभेला मंडप नव्हता, हार-तुरे नव्हते. गॉर्डन फ्रेंचच्या घरी मोटार ठेवायची खोली होती. तीच सभेची जागा. ५ मार्च १९७५, बुधवारची रात्र. बाहेर पाऊस. तरी ३२ जण आले. एक अल्टेअर तिथे मांडून ठेवला होता. कुणाला काय येते, कुणाला काय हवे, याची बोलणी झाली. पुढे या मंडळाला 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' हे नाव पडले. म्हणजे घरच्या घरी संगणक बनवणाऱ्यांचे मंडळ.

मागे बसलेला लाजाळू तरुण

त्या ३२ जणांत एक लाजाळू तरुण होता. नाव स्टीव्ह वॉझनिअॅक. त्याचा मित्र अॅलन बॉम याने सांगितले, म्हणून तो आला होता. चार लोकांत हात वर करून बोलायचा त्याला धीर नव्हता. त्या रात्री सभेत एक माहितीपत्रक वाटले गेले. संगणकाचा मेंदू म्हणता येईल अशा एका चिमुकल्या तुकड्याची त्यात माहिती होती. वॉझनिअॅकने ते घरी नेऊन वाचले. त्याच्या ध्यानात आले की आपला संगणक आपल्याला करता येईल.

तो कामाला लागला. २९ जून १९७५ रोजी त्याने कळपाटीवरचे अक्षर दाबले, आणि ते समोरच्या पडद्यावर उमटले. पुढे त्याने आपल्या यंत्राचे आराखडे सभेत फुकट वाटले. घ्या, तुम्हीही करा! एप्रिल १९७६ मध्ये त्याने मित्रांबरोबर 'अॅपल' कंपनी काढली. आज तिचे नाव जगभर माहीत आहे.

आता मला सांगा, वॉझनिअॅक हुशार होता, पण त्या रात्री दार उघडे नसते तर? चिठ्ठी लावलीच नसती तर? त्याची हुशारी त्याचीच होती. पण तिला वाट दाखवली एका चिठ्ठीने आणि एका उघड्या खोलीने.

सभा चालवावी कशी?

पुढे गर्दी वाढली. शेकडो लोक येऊ लागले. सभा एका मोठ्या सभागृहात होऊ लागल्या. तिथे ली फेल्सेनस्टाइन नावाचा गृहस्थ सभा चालवी. त्याची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सभेचे तो दोन भाग करी. पहिल्या भागात एकेकाने उभे राहायचे. आपण कोण, आपल्याकडे काय आहे, आपल्याला काय हवे, ते थोडक्यात सांगायचे. लांबलचक भाषण नाही. दुसऱ्या भागात सर्वांनी उठायचे आणि ज्याच्याशी काम आहे त्याला गाठायचे. कुणाला सुटा भाग हवा असे, कुणाला अडलेले कोडे सोडवायचे असे. पहिला भाग झाल्याने कुणाकडे जायचे ते कळलेले असे.

मी मुख्याध्यापक होतो. पुष्कळ सभा पाहिल्या. पाहुण्यांचे भाषण दोन तास, आणि ऐकणारे जांभया देतात. या सभेत पाहुणा कुणी नव्हता. सगळेच यजमान.

फ्रेड मूरने आणखी एक काम केले. पहिल्या सभेनंतर दहाच दिवसांनी, १५ मार्चला, त्याने एक लहान पत्रक काढले. सभेत काय झाले, कोण आले, कोण काय करतो आहे, ते त्यात लिहिले. जो आला नाही त्यालाही कळले.

एक भांडणही झाले

सगळे गोडच होते असे नाही. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि त्याच्या जोडीदारांनी एक प्रणाली लिहिली होती. प्रणाली म्हणजे यंत्राने काय करावे याच्या लेखी सूचना. ती विकत घ्यायची होती. पण छंदी मंडळी तिच्या नकला करून एकमेकांना वाटू लागली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सने उघड पत्र लिहिले. आम्ही कष्ट केले, आणि तुम्ही पैसे न देता वापरता, ही चोरी आहे, असे त्याचे म्हणणे. त्यावर पुष्कळ वाद झाला.

त्यातून आपण एवढे घ्यावे. आपले ज्ञान आपण मोकळ्या हाताने द्यावे. वॉझनिअॅकने आपले आराखडे वाटले, कारण ते त्याचे होते. दुसऱ्याची वस्तू वाटायची असेल, तर आधी त्याला विचारावे.

होमब्रू मंडळाच्या सभा १९८६ सालापर्यंत चालल्या.

आपल्याला हे जमेल काय?

कुणी म्हणेल, "ते गोरे लोक, पैसेवाले. आपल्या गावात कसले कॉम्प्युटर?" म्हणून आणखी दोन उदाहरणे देतो.

पहिले हॉलंड देशातले. अॅमस्टरडॅम शहरात मार्टिन पोस्टमा नावाच्या एक बाई आहेत. त्या पत्रकार. लोक थोडी बिघडलेली वस्तूही फेकून देतात, हे त्यांना पाहवेना. १८ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांनी लोकांना बोलावले. बिघडलेल्या वस्तू घेऊन या, दुरुस्ती जाणणारे इथे बसले आहेत, म्हणाल्या. वस्तूचा मालक कारागिराशेजारी बसतो, बघतो आणि शिकतो. त्याला 'रिपेअर कॅफे' म्हणतात. आज अनेक देशांत असे मेळावे भरतात. त्याला लागते काय? टेबल, हत्यारे आणि चहा.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठे शास्त्रज्ञ. शहरातली नोकरी सोडून ते तिथे गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत विज्ञान शिकायचे, ही तिथली रीत. २००२ साली तिथे 'फॅब लॅब' नावाची आधुनिक कार्यशाळाही सुरू झाली. म्हणजे खेड्यातली मुले यंत्राला भीत नाहीत. त्यांना जागा आणि हत्यारे मिळाली पाहिजेत, एवढेच.

गावात मेळावा भरवायचा तर

आपल्याला सप्ताह भरवता येतो. वर्गणी, मंडप, पंगती, सगळे आपण सांभाळतो. हा मेळावा तर त्याहून सोपा. कामे अशी:

१. जागा आणि वेळ ठरवा. शाळेची खोली चालेल. सुगीचे दिवस टाळा. बायांना येता येईल अशी वेळ ठेवा.

२. चिठ्ठी लिहा. मोठ्या अक्षरात, सोप्या भाषेत. दूध डेअरीवर लावा, गिरणीत लावा, एस. टी. थांब्यावर लावा. शेजारच्या गावांतही लावा.

३. दाराशी वही घेऊन बसा. नाव, गाव, काय येते आणि काय हवे, असे चार रकाने पाडा.

४. आरंभी प्रत्येकाला मिनिटभर बोलू द्या. जो बोलत नाही त्याला आपण होऊन विचारा. पुढारी लांबण लावू लागले, तर नम्रपणे थांबवा.

५. मग टेबलांवर काम. एकीकडे पंपाचा स्टार्टर, एकीकडे मोबाईल, एकीकडे सौर दिवे. मालकाने शेजारी बसून बघावे.

६. जपून राहा. वीज तोडल्याशिवाय काही उघडू नका. जुन्या टीव्हीत वीज तोडल्यावरही भार साठून राहतो, माहीतगाराशिवाय त्याला हात नको. मोबाईलची फुगलेली बॅटरी टोचू नका, ती पेट घेते. लहान मुलांना दूर बसवा.

७. चहाचा जमाखर्च फळ्यावर लिहा. सर्वांना दिसू द्या.

८. उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवा. एकदाच भरला तो तमाशा. दर महिन्याला भरला तर ती शाळा.

आता ही यादी पुन्हा वाचा. यात यंत्राचे ज्ञान लागणारी कामे किती? पाचवे आणि सहावे. बाकीच्यांना लागते ती लिहिता-वाचता येणारी, आपुलकीची माणसे. चिठ्ठी लिहायची, वहीत नावे मांडायची, हिशेब लिहायचा. बंधूंनो, भगिनींनो, ही विद्या तुम्ही नुकतीच कष्टाने मिळवली आहे. रात्री कंबर मोडून आल्यावर पाटी घेऊन बसलात, ते कशासाठी? स्वतःचे पत्र वाचता यावे म्हणून, सही करता यावी म्हणून. ते तर झालेच. आता ती अक्षरे चार लोकांच्या उपयोगी पडू द्या.

तुमच्या आळीत कोण खटपट्या आहे, ते तुम्हाला माहीत आहे. सुट्टीला घरी आलेल्या मुलापेक्षा, शहरातल्या साहेबापेक्षा जास्त माहीत आहे. कुणाची सून शिलाई मशीन स्वतः दुरुस्त करते, कुणाचा पोरगा अंगणात वायरी पसरून बसतो, त्याला ओरडा खावा लागतो. त्याच्या दारात जा. सांगा, "बाळ, अमुक तारखेला शाळेत ये. तुझ्यासारखे आणखी येणार आहेत."

तो येईल. पहिल्या खेपेला मागे बसेल, बोलणार नाही. बसू द्या. वहीत त्याचे नाव मात्र तुम्ही आपल्या हाताने लिहा.