नास्तिक्य हा धर्म काय?

‘नास्तिक्य हाही एक धर्मच’ असें म्हणून आम्ही सेमिनरींत वाद जिंकीत असूं. तें चुकलें. संत थोमास अक्विनास धर्माचरणास न्यायाचें अंग मानितात: देवाचें देणें देवास देणें. जो देवच मानीत नाहीं, तो तें कोणास देणार? व्याख्या रुंदावली तरी तेंच. बौद्ध-जैनांकडे पाहून १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें धर्मास ईश्वर आवश्यक नाहीं असें म्हटलें. परंतु तेथें व्रतें, संघ, मुक्तिमार्ग आहेत. नुसत्या नकारांत तें कोठें? २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तर ‘मला धर्म नाहीं’ म्हणण्याचा हक्कही मान्य केला.

मिस्सा सोडलेला एक तरुण आम्हांकडे येतो. ह्या वेळीं आम्ही त्याचें ऐकून घेतलें. त्यानें नाकारिलेला देव केवळ शिक्षा मोजणारा होता. त्या देवास आम्हीही मानीत नाहीं.